साबणाच्या डबीतला निरोप्या

मी एक जुना रिले आहे. मित्रांनो, हे नाव ऐकून तुम्हाला धावण्याची शर्यत आठवली असेल, तर तुमचं अगदीच चुकलं असं नाही. त्या शर्यतीत एक जण काठी घेऊन धावत येतो आणि पुढच्याच्या हातात देतो. मीही तेच करतो. फक्त माझ्याकडे काठीऐवजी माणसाचा आवाज असतो, आणि मी धावत नाही, ड्रोनच्या पोटाला लटकून आकाशात उभा राहतो. दरीत उतरलेल्या माणसाच्या फोनला डोंगर आडवा येतो. त्याच्या लहरी खालून माझ्यापर्यंत येतात, मी त्यांना जरा जोर देतो आणि डोंगरावरून पलीकडे पोचवतो. निरोप घ्यायचा आणि द्यायचा, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही. म्हणून घरात सगळे मला निरोप्या म्हणत.

माझं अंग म्हणजे प्रवासात नेतात ती निळी साबणाची डबी. मला घडवणारी मुलगी पाहुण्यांना सांगायची, "पत्र्यातून लहरी जात नाहीत, प्लास्टिकमधून आरपार जातात, म्हणून मुद्दाम निवडली." हे खरंच आहे. पण त्या दिवशी तिच्या हाताशी दुसरं काही नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. अजूनही ऊन तापलं की माझ्या अंगाला साबणाचा वास येतो. इतकं स्वच्छ यंत्र तुम्हाला शोधूनही सापडायचं नाही!

तिची कार्यशाळा सायकलच्या दुकानाच्या माडीवर होती. खाली दिवसभर कोणी ना कोणी चाकात हवा भरत असे आणि वर ती भिंग डोळ्याला लावून माझ्या पोटातल्या तारा जोडत बसे. खिडकीतून समोर डोंगर दिसे. त्या डोंगराला मधोमध एक सुळका पुढे आला होता, त्याला सगळे डोंगराचं नाक म्हणत. नाकाच्या अलीकडे फोन चालत, पलीकडच्या दरीत सगळे मुके. दरवर्षी तिथे फिरायला जाणारं कोणीतरी वाट चुकायचं किंवा पाय मुरगळून बसायचं, आणि हातात चांगला फोन असूनही त्याचा काही उपयोग व्हायचा नाही. त्या मुलीच्या डोक्यात हेच शिरलं होतं.

ड्रोनला निरोप्या बांधायचा, ही कल्पना काही तिची एकटीची नव्हती. पण ड्रोन वाऱ्यात कलतो, गिरकी घेतो, आणि त्याच्याबरोबर अँटेनाही कलतो. मग आवाज निसटतो. यावर तिने एक युक्ती काढली. तिने मला दोन कान दिले, एक उभा अँटेना आणि एक आडवा. एका कानाला कमी ऐकू आलं की मी पापणी लवायच्या आत दुसरा कान लावायचा. ही युक्ती जमली त्या दिवशी तिने माडीवर अशा उड्या मारल्या की खालच्या दुकानदाराने पंप टाकून वर धाव घेतली.

ड्रोन उडवायची तिची आत्या. आत्या बसची ड्रायव्हर होती. एवढी मोठी बस ती घाटातून रोज नेत-आणत असे, त्यामुळे तिचा हात कसा तो हलायचा नाही. सुट्टीच्या दिवशी ती दुकानामागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायची, रिमोट हातात घ्यायची आणि ड्रोनला म्हणायची, "चला, पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे." ड्रोनही निमूटपणे पुढे सरकायचा. माझा जीव मात्र सुरुवातीला मुठीत असायचा.

आणि मग आजोबा! मित्रांनो, आजोबांबद्दल किती सांगू? ते आत्याचे वडील आणि त्या मुलीचे आजोबा. मंडईत त्यांचं सगळं आयुष्य लिलाव पुकारण्यात गेलं होतं. लिलाव पुकारणाऱ्याला थांबून चालत नाही, थांबला की गिऱ्हाईक पांगतं. आजोबा कामावरून निवृत्त झाले, पण त्यांचं तोंड काही निवृत्त झालं नाही. ते मांजराशी बोलत, नळाशी बोलत, पायातल्या बुटाशीही बोलत. ते श्वास नेमका कधी घेतात, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

नातीने त्यांच्या या गुणाचा फायदा घ्यायचं ठरवलं. माझी चाचणी अशी चालायची. आत्या मला नाकाच्या वर उंच नेऊन उभा करायची. आजोबा गळ्यात फोन अडकवून पायवाटेने दरीकडे निघायचे आणि सतत बोलायचे. नात अंगणात कानाला यंत्र लावून ऐकायची, आणि टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर बाकीच्यांनाही ऐकू येई. तिच्यासमोर एक दिवा होता. संपर्क असला की हिरवा, तुटला की तांबडा. फोनमध्ये खरखर सुरू झाली की रेंज संपली असं समजून आजोबांनी मागे फिरायचं, असं ठरलं होतं. त्यांच्यासारखा न थांबणारा आवाज दुसरीकडे कुठे मिळणार? म्हणून त्यांच्याच आवाजावर तिने मला शिकवलं. शिकवण सोपी होती. आवाज येतोय तोवर सगळं ठीक. आवाज थांबला की संपर्क तुटला, ताबडतोब कान बदलून शोधाशोध कर.

मी अगदी आज्ञाधारक विद्यार्थी होतो. जे शिकवलं ते मी मन लावून करायचो.

पहिल्याच चाचणीत आजोबा नाकाला वळसा घालून पलीकडे गेले आणि त्यांचा आवाज माझ्यातून खणखणीत आला. "ए चिमे, ऐकतेस ना? इथे एक सरडा बसलाय आणि तो माझ्याकडे अगदी तुझ्या आत्यासारखा बघतोय." अंगणात नात आणि आत्या हसल्या. दिवा हिरवागार होता. नाकापलीकडून आवाज! आजवर कोणी आणला नव्हता. आजोबा आणखी थोडं पुढे गेले. तिथे वाटेवर एक लाकडी बाक आहे. बाकापाशी पोचले आणि एकदम दिवा तांबडा झाला, फोनमध्ये खरखर सुरू झाली. आजोबा मागे फिरले.

"आजोबा, तुम्ही बोलत होतात ना?" नातीने विचारलं.

"मग काय, मुका झालो की काय!" आजोबा म्हणाले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दुसऱ्या चाचणीतही बाकापाशीच तुटलं, तिसरीतही. मी साक्षीदार होतो, मित्रांनो. मला माहीत होतं तिथे काय घडतंय. पण निरोप्याला स्वतःचं तोंड नसतं. नातीने माझे कान वाकवून पाहिले, लांब करून पाहिले, आत्याने मला आणखी वर नेलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. बाक आला की दिवा तांबडा! बाकाच्या मागेच डोंगराचं नाक उभं होतं, त्यामुळे सगळा दोष नाकावर गेला. "हे नाक कापायला हवं," आत्या एकदा चिडून म्हणाली. डोंगर बिचारा काय बोलणार?

इकडे दिवस भराभर चालले होते. डोंगरावरच्या बचाव पथकाची प्रमुख नवी यंत्रं बघायला येणार होती. तिला सगळे कप्तानबाई म्हणत. पथकाने मला घेतलं, तर नातीची कार्यशाळा चालणार होती. नाही घेतलं, तर ती माडी रिकामी करून दूरच्या शहरात नोकरीला जाणार होती. तिथून तसं बोलावणंही आलेलं होतं. आजोबा तोंडाने म्हणायचे, "जा की! शहर काय तुला खातंय का?" पण हे म्हणताना ते मांजराकडे बघत. आणि मी? जुन्या तारांच्या खोक्यात जाऊन पडलो असतो.

कप्तानबाई आल्या. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "साबण?"

"हो मॅडम. म्हणजे, नाही मॅडम. डबीच फक्त," नात अडखळली.

"आजोबांबरोबर मी स्वतः चालते," कप्तानबाई म्हणाल्या. "कागदावरची रेंज मला नको. पायाखालची हवी."

दोघं निघाले. आजोबांना नवीन श्रोता मिळाला होता, मग काय विचारता! वाटेतल्या प्रत्येक दगडाची त्यांनी ओळख करून दिली. कप्तानबाई हं हं करत होत्या. नाक ओलांडलं, आवाज स्वच्छ. अंगणात नात नखं खात दिव्याकडे बघत होती. मग बाक आला. आजोबा बाकावर बसले. कप्तानबाईही शेजारी बसल्या. आणि दिवा तांबडा झाला.

नातीने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "आत्या, उतरव गं," एवढंच म्हणाली. आत्याने मला अगदी हळुवार उतरवलं, जणू बसमध्ये कोणी झोपलेलं होतं. नातीने माझे पट्टे सोडायला घेतले. तिच्या डोळ्यातलं पाणी माझ्या झाकणावर पडलं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मी काही तुटलो नव्हतो, आणि हे तिला सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

तेवढ्यात ते दोघं परत आले.

"मॅडम, माफ करा," नात म्हणाली. "त्या बाकापाशी डोंगर आड येतो. मी खूप प्रयत्न केले."

कप्तानबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "डोंगराचं काय मला कळलं नाही. बाकावर बसेपर्यंत सगळं स्वच्छ चाललं होतं. तिथे आम्ही दोघं जरा गप्प बसलो, आणि मग खरखर सुरू झाली."

मग आत्याला हसू आलं. "मॅडम, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. गप्प? आमचे बाबा? अहो, ते झोपेतसुद्धा लिलाव पुकारतात!"

"गप्प होते," कप्तानबाई ठामपणे म्हणाल्या. "टोपी काढून बसले होते. म्हणून मीही बोलले नाही."

सगळ्यांच्या नजरा आजोबांकडे वळल्या. आजोबा आपल्या बुटांकडे बघत होते, पण आज बुटांशीही बोलत नव्हते.

"आजोबा, तुम्ही तर म्हणायचात बोलत होतो म्हणून," नात म्हणाली.

"बोलत होतोच गं," आजोबा हळूच म्हणाले. "फक्त तुझ्याशी नव्हतो."

आत्याचं हसू मावळलं. तिला एकदम आठवलं. "तो बाक आईचा ना, बाबा?"

आजोबांनी मान हलवली. पुढे काही विचारायची गरज पडली नाही.

नात मात्र मला हातात धरून तशीच उभी राहिली. हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडत गेला, ते मला तिच्या बोटांवरून कळलं. ती बोटं आधी पट्टे सोडत होती, ती आता ते परत आवळू लागली. "म्हणजे निरोप्याचा दोष नाही, डोंगराचा नाही," ती म्हणाली. "आवाज थांबला की संपर्क तुटला, असं मीच त्याला शिकवलं. तो घाबरून कान बदलत सुटायचा, तीच ती खरखर. आमच्या घरात कोणी गप्प बसतं, हेच माझ्या डोक्यात आलं नाही!" मग ती कप्तानबाईंकडे वळली. "मॅडम, मला आणखी एक संधी द्याल?"

"देते," कप्तानबाई म्हणाल्या. "डोंगरात अडकलेली निम्मी माणसं बोलत नाहीत. घाबरलेली असतात, नाहीतर शुद्धीवर नसतात. गप्प माणूस ज्याला कळत नाही, असं यंत्र मला नको. पुढच्या वेळी आजोबांनी बाकावर मुद्दाम गप्प बसायचं. दिवा हिरवा राहिला तर घेतला तुमचा साबण."

मग माझं शिक्षण नव्याने सुरू झालं. जुना नियम तिने माझ्या डोक्यातून पुसून टाकला आणि नवा घातला. आता आवाज थांबला की मी घाबरून धावपळ करायची नाही. मी फोनला हळूच विचारायचं, "आहेस?" त्याने उत्तर द्यायचं, "आहे." अगदी बारीक लहर, माणसाच्या कानाला न कळणारी. उत्तर आलं की दिवा हिरवा. कितीही वेळ शांतता असली तरी हिरवा. इतकी साधी गोष्ट! पण त्यामुळे मी पूर्वीपेक्षा शहाणा झालो, हे मी अभिमानाने सांगतो.

पुन्हा चाचणीचा दिवस आला. या वेळी कप्तानबाई अंगणात दिव्यासमोर बसल्या आणि आजोबा एकटेच गेले. आता गंमत ऐका. गप्प बसा म्हणून सांगितलं, तर आजोबांना गप्प बसवेना! बाकावर बसले तरी तोंडाचा पट्टा चालूच. "बसलो बरं का. आता गप्प बसतो. हा बघा, गप्प बसलो. ऐकू येतंय का, मी किती गप्प आहे ते?"

अंगणात आत्याने कपाळावर हात मारला. कप्तानबाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

"आजोबा, अहो, गप्प!" नात ओरडली.

"हो हो. एवढंच सांगतो आणि गप्प बसतो," आजोबा म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज बदलला. इतक्या चाचण्यांमध्ये तो आवाज माझ्यातून कधी गेला नव्हता. "तुझी आजी आणि मी रोज इथवर यायचो. वाटभर मी बोलायचो, ती ऐकायची. इथे बसलो की म्हणायची, आता जरा गप्प बसा हो, मला दरी ऐकू द्या. जगात एवढ्या एकाच जागी मी तिचं ऐकायचो, चिमे. म्हणून आता माझ्याच्याने बोलवत नाही इथे. ती ऐकत असेल, असं वाटतं. चल, झालं सांगून."

आणि आजोबा खरोखर गप्प बसले.

मी विचारलं, "आहेस?" फोन म्हणाला, "आहे." मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा म्हणाला. दिवा हिरवा होता. माझ्या दोन्ही कानांतून दरीतला वारा येत होता, झाडाची पानं हलत होती, कुठेतरी खाली पाणी वाहत होतं आणि एक पक्षी सारखा एकच शीळ घालत होता. ते सगळं मी जसंच्या तसं अंगणात पोचवलं. आत्या रिमोट धरून डोळे न पुसताच बसली होती, कारण तिचे हात मोकळे नव्हते. नातीने कानातलं यंत्र आणखी दाबून धरलं. खालच्या दुकानदारानेही पंप थांबवला.

बऱ्याच वेळाने कप्तानबाई उठल्या. "घेतला," एवढंच म्हणाल्या आणि आत्याला रुमाल दिला.

त्यानंतर मी पथकात नोकरीला लागलो, आणि गरज पडली की ड्रोन उडवायला आत्या यायची. डोंगरावर जाणाऱ्यांच्या फोनमध्ये पायथ्याशीच पथकाचं ॲप घालून देत, म्हणजे प्रत्येक फोनला माझी ओळख असे. एकदा धुक्यात एक शिक्षिका वाट चुकून कड्याखाली घसरली. तिचा आवाजच बसला होता, हाक मारता येत नव्हती. खालून काहीच ऐकू येत नव्हतं. पूर्वीचा मी असतो, तर तांबडा दिवा लावून मोकळा झालो असतो. आता मी विचारत राहिलो, "आहेस? आहेस?" आणि त्या पांढऱ्याफटक धुक्यातून बारीकशी लहर आली, "आहे." लहर कुठे जास्त ठळक येतेय, त्यावरून आत्याने ड्रोन सरकवत नेला आणि पथकाची माणसं बरोबर तिच्यापर्यंत पोचली. तिला वर आणल्यावर तिने आधी पाणी मागितलं आणि मग त्या डबीला बघायचंय म्हणाली. तिने माझ्या झाकणावर हात फिरवला. माझं फोटोसह कौतुक झालं. फोटोत मी जरा तिरका आलो आहे, पण ते चालायचंच.

वर्षं गेली. माझ्यापेक्षा हलके, पातळ, चकचकीत निरोपे आले. त्यांच्या पोटात चार-चार कान आहेत आणि ते साबणाचा वास मारत नाहीत. पथकाने मला सन्मानाने परत पाठवलं. सुरुवातीला नात रोज माझ्याकडे बघायची, पुढे कामं वाढली, माडीवर माणसं वाढली आणि मी खिडकीशेजारच्या फळीवर मागे मागे सरकत गेलो. बॅटरी उतरली. माझ्यावर धूळ बसली. खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं. पण माझा नियम त्या नव्या पोरांच्या पोटात जसाच्या तसा आहे. तेही माझ्यासारखंच विचारतात, "आहेस?" तेवढ्यावर मी खूश आहे.

आजोबा आता डोंगरावर जात नाहीत. दुपारी माझ्या फळीखाली खुर्ची टाकून बसतात. बोलतात अजून, पण मध्ये मध्ये थांबतात. ते थांबले की नात काम करता करता मान न वळवता विचारते, "आहात ना, आजोबा?" आणि ते म्हणतात, "आहे गं."

परवा तिने फळी आवरायला काढली. मला पुसलं, माझा जुना दिवा शेजारी ठेवला आणि मी अजून चालतो का ते बघायला दोघांना नवी बॅटरी जोडली. इतक्या वर्षांनी अंगात जोर आला आणि डोळे उघडण्याआधी जुन्या सवयीने मी विचारलं, "आहेस?" आजोबांच्या खिशात त्यांचा जुना फोन होता. नातीने तो कधी बदलू दिला नव्हता. तो म्हणाला, "आहे." दिवा हिरवा झाला. नात धुळीचं फडकं हातात धरून उभीच राहिली. आजोबांना काही कळलं नाही. ते खुर्चीत गाढ झोपले होते, टोपी मांडीवर, अगदी गप्प.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र फळीवर पडलेलं असेल. त्याची धूळ पुसा, त्याला अधूनमधून बॅटरी द्या. आणि घरात नेहमी बोलणारं माणूस कधी गप्प झालं, तर तांबडा दिवा लावून निघून जाऊ नका. जवळ जा आणि हळूच विचारा, "आहात ना?" उत्तर यायला थोडा वेळ लागला, तर पुन्हा विचारा. मी विचारायचो तसं.